थॅप्सिगार्गिन टाकलं की कॅल्शियम येतं कुठून?

तुमचा प्रश्न असा: यकृतपेशींवर थॅप्सिगार्गिन हे वनस्पतीतलं विष टाकलं की पेशीद्रवातलं कॅल्शियम वाढतं, मग ते विष एखादी वाहिनी (पटलातलं कॅल्शियमचं दार) उघडतं का? नाही. ते पंप बंद पाडतं. कॅल्शियमच्या आलेखाचा अर्थ लावताना चूक होते ती इथेच.

थॅप्सिगार्गिन मिळतं भूमध्य समुद्राकाठच्या थाप्सिया गार्गानिका या वनस्पतीतून. ती कोथिंबीर आणि ओव्याच्याच कुळातली, पण विषारी. यकृतपेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेतून, म्हणजे पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या साठ्यातून, कॅल्शियम सतत थोडं थोडं पाझरत असतं. जालिकेच्या पटलातला सर्का हा पंप एटीपीचा (पेशीच्या ऊर्जा-रेणूचा) एक रेणू खर्चून दोन कॅल्शियम आयन पुन्हा आत ओढतो, म्हणून एरवी पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम जेमतेम 100 नॅनोमोलर असतं. थॅप्सिगार्गिन सर्काला असं घट्ट धरतं की धुऊनही सुटत नाही. गळक्या टाकीत पाणी चढवणारी मोटर बंद करावी, तसं होतं. व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचं वेगळं: ते आयपी-3 हा निरोप्या रेणू तयार करवून जालिकेच्या वाहिन्या खरोखर उघडतं, आणि एकेका यकृतपेशीत कॅल्शियमच्या लाटा ठरावीक अंतराने उठतात. थॅप्सिगार्गिनने लाटा नाहीत, एकच सावकाश चढ आणि मग उतार.

हे डोळ्यांनी पाहायचं तर पेशींत फ्युरा-2 एएम हा कॅल्शियम दाखवणारा चमकता डाय भरा: 2 ते 5 मायक्रोमोलर, 30 मिनिटं, शक्यतो खोलीच्या तापमानाला. 37 अंशांवर डाय पेशीतल्या कप्प्यांत जाऊन बसतो आणि पेशीद्रवाऐवजी त्या कप्प्यांचं मोजमाप होतं. यकृतपेशी डाय बाहेरही फेकतात, तेव्हा भरल्यावर धुवा, डायचा एस्टर भाग (नावातलं ‘एएम’) तुटायला 15-20 मिनिटं द्या आणि लगेच मोजायला बसा. डायचं उत्तेजन 340 आणि 380 नॅनोमीटरच्या प्रकाशाने, उत्सर्जन 510 ला.

आता बाहेरचं कॅल्शियम काढा: कॅल्शियमविना बफर, त्यात उरलंसुरलं कॅल्शियम पकडणारं ईजीटीए, 0.5 मिलिमोलर. मग 1 मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन द्या. दिसणारा चढ फक्त साठ्यातला. उतार पडतो, कारण पेशीपटलावरचे पंप ते कॅल्शियम बाहेर टाकतात. आलेख खाली स्थिरावला की व्हॅसोप्रेसिन देऊन बघा. प्रतिसाद नसेल तर साठा रिकामा झालाय. ही तपासणी गाळू नका.

त्यानंतर 2 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला, म्हणजे दुसरा चढ येईल. तो बाहेरून आत शिरणाऱ्या कॅल्शियमचा: साठा रिता झाल्याचं जालिकेतलं स्टिम-1 हे प्रथिन ओळखतं आणि पेशीपटलातली ओराय-1 वाहिनी उघडते. उघडणं घडतं ते इथे, तेही थॅप्सिगार्गिनच्या हातून नव्हे. ईजीटीएला कॅल्शियम जोडलं गेलं की प्रोटॉन सुटतात, बफर दुबळा असेल तर पीएच घसरतो आणि आलेख बिघडतो. म्हणून हेपिस (पीएच सांभाळणारं बफर) 20 मिलिमोलर ठेवा. शेजारी एक नियंत्रण हवंच: थॅप्सिगार्गिनऐवजी ते ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ तितकंच, आणि त्यावर तेच कॅल्शियम. त्याशिवाय दुसऱ्या चढाला काही किंमत नाही.

नळ्यांची काळजी घ्या. थॅप्सिगार्गिन तेलकट स्वभावाचं, प्लॅस्टिकला चिकटतं आणि पुढच्या तबकडीतल्या पेशींचा साठा तुमच्या नकळत रिता करतं. त्याची नळी वेगळी ठेवा आणि हातमोजे घाला, कातडीला ते दाहक आहे.

तासन्‌तास थॅप्सिगार्गिनमध्ये ठेवलेल्या पेशींचे निष्कर्ष मात्र कॅल्शियम-संदेशाच्या खात्यात टाकू नका. जालिकेतलं कॅल्शियम संपलं की प्रथिनांच्या घड्या बिघडतात, ताणाची यंत्रणा जागी होते आणि शेवटी पेशी मरतात. संदेश बघायचा असेल तर पहिल्या 10-15 मिनिटांतच बघा.