मुरुडशेंगेच्या १७०० पिशव्या

रोपवाटिका सुरू केली तेव्हा आमच्याकडे एक शेडनेट, दोन झाऱ्या, पिठाची जुनी चाळणी आणि धायटी या रानझुडपाचं मूठभर बी होतं. चाळणी मुद्दाम सांगतो आहे. धायटीचं बी तपकिरीसारखं बारीक. मातीत पुरलं की गेलं. चाळलेली माती आणि वाळू ट्रेमध्ये हाताने दाबून सपाट करायची, बी वर नुसतं भुरभुरायचं आणि पाणी वरून घालायचंच नाही. ट्रे पाण्याच्या घमेल्यात टेकवायचा, ओल खालून चढू द्यायची. आमचे पहिले तीन ट्रे झारीच्या धारेत वाहून गेले, तेव्हा हे कळलं. ती चाळणी कडेला तारेने शिवून आजही वापरात आहे.

स्थानिक फुलझुडपंच करायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पाटीवर 'देशी' असा शब्द मात्र आम्ही कधी लिहिला नाही. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, पिवळी कण्हेर आणि देवळापुढचा चाफाही मूळचे अमेरिका खंडातले. पण आजीच्या परसात होते म्हणून लोक त्यांना देशी म्हणतात. त्या झाडांशी आमचं वाकडं नाही. सह्याद्रीच्या उतारावर किंवा दख्खनच्या माळावर जे झुडूप कुणी न लावता उगवतं, ते आम्ही करतो. तरवडाच्या पानांवर फिकट पिवळी फुलपाखरं अंडी घालतात आणि अळ्या तीच पानं खाऊन मोठ्या होतात. पानं कुरतडलेली दिसली म्हणून औषध मारणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही तरवड देत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या गृहसंकुलाच्या बागेचं काम मिळालं. मुरुडशेंग या रानझुडपाची १७०० रोपं, पहिल्या पावसाला द्यायची. करार तोंडी झाला, ही आमची चूक. आम्ही हातातलं सगळं त्यात घातलं: बी, पिशव्या, दोन माणसांची वर्षभराची मजुरी. लावणीच्या आधी पाणी हळूहळू तोडून रोपं कणखर करायची, ही आमची पद्धत. मुरुडशेंग मुळातच पानगळीची. मे महिन्यात ती रोपं जशी दिसायला हवी तशीच दिसत होती, म्हणजे बिनपानांची.

ठेकेदाराचा माणूस पाहणीला आला तो त्याच आठवड्यात. ओळींमधून एकदा चालत गेला आणि म्हणाला, "या काटक्या आहेत." मी एक रोप उचललं, अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली. आत कोवळ्या शेंगेसारखा हिरवा, ओला रंग. पिशवी फाडून मूळ दाखवलं; सरळ, पांढरं, कुठेही गुंडाळी नाही. त्याने पाहिलं, मान हलवली आणि निघून गेला. आठ दिवसांनी कळलं की काम दुसऱ्या रोपवाटिकेला गेलं. तिथून 'देशी फुलझुडपं' म्हणून जे आलं त्यात निम्मी शोभेची घाणेरी होती. ज्या घाणेरीने आपली रानं गिळली, तीच पैसे मोजून अंगणात आणली. मे महिन्यातही ती हिरवीगार होती, फुलांनी भरलेली होती, एवढंच तिचं भांडवल. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

त्या पावसाळ्यात आम्ही जवळजवळ बंद पडलो होतो. भागीदार वाटणी मागून बाजूला झाला. त्याच्याबद्दल राग नाही, त्याच्या घरी लग्नकार्य होतं.

तगलो ते बाईंमुळे. निवृत्त शिक्षिका; सुरुवातीला एक धायटी घेऊन गेल्या होत्या. जुलैत आल्या तेव्हा मुरुडशेंगेला पानं फुटली होती. मी सगळी हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "मला बारा दे. आणि मे महिन्यात ही अशीच होणार, हे आत्ताच लिहून दे, म्हणजे मी शेजारणींना दाखवेन." मी कागदावर लिहून दिलं: केव्हा पानं गळतील, केव्हा फुटतील, केव्हा फुलेल. त्या कागदाच्या जोरावर बाईंनी आसपासच्या घरांत शंभरावर रोपं लावली. तेव्हापासून प्रत्येक रोपासोबत आम्ही बारा महिन्यांची चिठ्ठी देतो. बाई आजही दर उन्हाळ्यात धायटीचं बी कागदाच्या पुडीत बांधून आणतात.

पुढची वर्षं नीट गेली.

गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, "बारमाही फुलणारं काय आहे?" तरवड जवळपास वर्षभर फुलतो, पण एका झुडपावर सगळा भार टाकू नका. जागा असेल तर तीन-चार लावा. जानेवारीपासून धायटीच्या लाल नळ्या आणि त्यांवर शिंजीर पक्षी. उन्हाळ्याच्या मध्याला पांढरा कुडा. पावसात भूतकेस, ज्याचं पांढरं 'पान' खरं तर फुलाचाच भाग. नंतर पिवळी कोरांटी. मुरुडशेंगेचं फूल लाल उमलतं आणि जुनं होताना निळसर राखी होतं, दोन्ही रंग एकाच फांदीवर दिसतात. कारवी मागायला पुष्कळ जण येतात. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते, हे सांगितल्यावरही हवी असेल तरच न्या.

तरवड लहानच घ्या. सोटमूळ खोल जातं, मोठ्या पिशवीतलं रोप नंतर रुसतं. खड्ड्यात शेणखताचा मारा करू नका. नुसती पानं माजतात. धायटीची छाटणी बी धरल्यावर, पावसाआधी करा. दिवाळीनंतर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावलात तर त्या वर्षीची फुलंच कापाल. आणि जंगलातून रोप उपटून आणू नका. ते बहुधा जगत नाही, आणि जिथून आणलं तिथली जागाही रिकामी होते.

त्या १७०० मधली न खपलेली ४० रोपं आम्ही मागच्या कुंपणाला लावली होती. आता ती डोक्यावर गेली आहेत. आमचं मुरुडशेंगेचं सगळं बी त्यांचंच असतं. मे महिन्यात नवीन गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी त्या कुंपणापाशी नेतो आणि साल खरवडून दाखवतो.