बाटलीवरची बारीक ओळ

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला मिळालेले काम ऐकायला सोपे होते. जनुक वाहून नेणारा लेंटिव्हायरस हा विषाणू स्तनाच्या कर्करोगातल्या, हर-२ प्रथिन भरपूर असलेल्या पेशींतच शिरला पाहिजे, इतर पेशींत नाही. एरवी या विषाणूवर व्हीएसव्ही-जी हे आवरण-प्रथिन चढवतात. पण त्याला जवळजवळ कोणत्याही पेशीत वाट मिळते. म्हणून आम्ही लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये विकसित झालेली पद्धत धरली. तिच्यात आवरणासाठी सिंडबिस या दुसऱ्या विषाणूचे ई-२ प्रथिन घेतात, त्याची मूळची पकड ढिली करून त्यात जिवाणूच्या प्रोटीन-एपासून घेतलेला झेडझेड हा तुकडा बसवतात. तो प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) शेपटाकडून धरतो आणि प्रतिपिंडाची मोकळी टोके पेशी हुडकतात.

जैवसुरक्षा समितीची मंजुरी मिळाल्यावर विषाणू तयार करणाऱ्या २९३टी पेशींत प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळे, सोडणे, ४८ तासांनी माध्यम गोळा करून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढणे, प्रतिपिंड मिसळणे आणि पेशींवर घालणे हा क्रम सुरू झाला. जनुक पोचले की पेशी हिरव्या चमकतात. माझ्या चार महिने चमकल्या नाहीत. तुलनेसाठी ठेवलेला व्हीएसव्ही-जीचा कंट्रोल मात्र दर वेळी हिरवागार असे, त्यामुळे मी विनाकारण सिंडबिसच्या प्लाझ्मिडवर संशय घेऊन ते दोनदा तपासून घेतले.

शेवटी प्रतिपिंडाच्या बाटलीवरची बारीक ओळ वाचली: उंदीर, आयजीजी-१. आयजीजी-१ हा आयजीजी प्रतिपिंडांचा एक उपप्रकार. प्रोटीन-ए उंदराच्या आयजीजी-१ला फार सैल धरते, मानवी आयजीजी-१ला मात्र घट्ट. हे मी परीक्षेत लिहूनही आलो होतो! मग मानवी आयजीजी-१ असलेले, हर-२ला चिकटणारे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड घेतले. तिसऱ्या दिवशी हर-२ भरपूर असलेल्या एसके-बीआर-३ पेशींच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) हिरवे ठिपके दाटले होते. हर-२ अत्यल्प असलेल्या एमडीए-एमबी-२३१ पेशींच्या आणि प्रतिपिंडच न घातलेल्या वेलमध्ये जवळजवळ अंधार होता.

हा आनंद मानवी सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) मिसळेपर्यंत टिकला. रक्तात दर मिलिलिटरला साधारण १० मिलिग्रॅम आयजीजी असते आणि झेडझेडची पकड कायमची नसल्याने त्या गर्दीने माझ्या प्रतिपिंडाला जागेवरून हुसकावले. चमक झपाट्याने घटली. आता प्रतिपिंड विषाणूला रासायनिक बंधाने पक्के जोडण्याच्या खटपटीत आहे. प्रत्येक तुकडीची चाचणी मात्र पहिल्या दिवसापासून सीरममध्येच करतो.