आकाशनकाशा आणि गच्चीवरचं होकायंत्र: माझा अनुभव

स्टेलेरियम, म्हणजे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर घ्यायला काहीच त्रास नाही. फुकट आहे, डाउनलोड करा आणि चालू करा. मला छळलं ते मोबाइलच्या होकायंत्रानं, आणि त्याबद्दल कुणी धड सांगत नाही म्हणून हे लिहितेय.

डिसेंबरातला नाशिकचा गारठा. शाल गुंडाळून इंदिरानगरातल्या आमच्या गच्चीवर गेले. फोन आकाशाकडे धरला की आकाशनकाशाच्या ॲपनं समोरचे तारे दाखवायचे, एवढंच अपेक्षित होतं. मृग नक्षत्र पूर्वेला लख्ख दिसत होतं आणि स्क्रीनवर तेच शेजारच्या बिल्डिंगमागे, पार उत्तरेकडे सरकलेलं. दोन पावलं बाजूला झाले तर आणखी भलतीकडे. होकायंत्र ताळ्यावर आणायला ज्याला विचारावं त्याचं एकच, "फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा." फिरवला. टाकीजवळ फिरवला, जिन्याच्या दाराशी फिरवला, मनगट दुखेपर्यंत फिरवला. क्षणभर जुळायचं की लगेच घसरायचं. भाचा कंटाळून म्हणाला, "मावशी, थंडी वाजतेय, जाऊ का खाली?" तेव्हा खरंच संताप आला.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फार क्षीण असतं आणि फोन तेच मोजून उत्तर दिशा ठरवतो. आमच्या गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया, टाकीचा लोखंडी स्टँड, वर पत्र्याची शेड. एवढ्या लोखंडात जागा बदलली की फोनची उत्तर दिशाही बदलणार. तिथे आठ काढून काय होणार? फ्लिप कव्हरमध्ये चुंबक असेल तर तेही आधी काढून ठेवा.

शेवटी मी ॲपमधला दिशा ओळखणारा सेन्सरच बंद केला. नकाशा बोटानं सरकवायचा आणि दिशा ताऱ्यांवरून लावायची. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे आहेत ना, त्यांतला आधी उगवणारा मिंटाका जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या रेषेवर) आहे, म्हणून तो बरोबर पूर्वेला उगवतो. तो क्षितिजालगत असतानाच जागा हेरून ठेवा. वर चढला की तो दक्षिणेकडे कलतो. दुसरी खूण ध्रुवाची. नाशिकचा अक्षांश 20, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून 20 अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची, म्हणजे एकावर एक दोन मुठी. या दोन खुणांवर स्क्रीन आणि आकाश जुळलं तेव्हा मी गच्चीवर ओरडलेच!

हे आधी सांगायला हवं होतं: लॅपटॉपवर एफ6 दाबून ठिकाण नाशिक आहे ना, ते बघा. नेटवरून ठिकाण मिळालं नाही तर स्टेलेरियम पॅरिस धरतं. तिथे ध्रुव 49 अंशांवर असतो आणि अगस्त्य तारा तर कधी उगवतच नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेला 17 अंशांवर असतो. दक्षिण मोकळी असेल तर चुकवू नका.

कंट्रोल आणि एन दाबलं की स्क्रीन लाल होते. ते आधीच करा, कारण अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडानं एका क्षणात बिघडतात आणि पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात.

आणि एफ4 मध्ये प्रकाशप्रदूषणाचा आकडा असतो, तो शहरासाठी वाढवा. मग स्क्रीनवर साधारण तेवढेच तारे उरतात जेवढे गच्चीवरून दिसतात, आणि ओळख पटायला सोपं जातं. शहराबाहेर अंजनेरीकडे गेलात तर तो कमी करायला विसरू नका.