मे महिन्याची उसनवारी

कोकणात कौलारू घर सांभाळणाऱ्या माणसाला वर्ष मृग नक्षत्रापासून मागे मोजावे लागते. ७-८ जूनला मृग लागणार, त्याआधी २५ मेच्या सुमारास रोहिणी, म्हणून कौले त्याच्या आत चाळून, म्हणजे उतरवून, तपासून पुन्हा लावून झाली पाहिजेत. आणि कौले चाळायची तर त्यांच्याखालचे वासे आणि त्यांवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रिपा, त्याच्याही आधी बदलायला हव्यात. परसातली कामेही याच दिवसांत अंगावर येतात. आंबा उतरवून झालेला नसतो, कोकमे झाडाखाली पडून काळी पडत असतात, माडांची आळी कोरडी ठणठणीत झालेली असतात आणि नव्या कलमांसाठी हात-दीड हात खोल सोडाच, चांगले मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डे खणून उन्हात तापत ठेवायचे असतात. त्यात आम्ही येणार रजा काढून, जेमतेम तीन आठवड्यांसाठी. आमच्याकडे येणारे सुतारभाऊ दरवर्षी आमचे सामान ओटीवर उतरायच्या आतच सांगतात, "मुंबईच्या माणसांचा मे महिना लहान असतो."

आमचे घर दापोली तालुक्यात, किनाऱ्यापासून फारसे लांब नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढले, तेव्हा त्याचा तडाखा बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे आम्हालाही बसला. समुद्राकडचे पाखे, म्हणजे छपराची ती उतरती बाजू, उघडे पडले आणि मागच्या आगरातल्या पोफळी, सुपारीची झाडे, एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. त्या टाळेबंदीच्या दिवसांत आम्हाला लगेच येता आले नाही. गावात राहणाऱ्या काकूंनी ताडपत्री बांधून घेतली आणि फोनवर नुकसानीची यादी सांगितली; त्या यादीत कौलांच्या आधी पोफळींचा आकडा होता. घराच्या दुरुस्तीला मी खऱ्या अर्थाने लागलो तो त्यानंतर, आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आले की काकूंच्या लेखी घर आणि परसू हे दोन हिशेब कधी नव्हतेच.

पडलेल्या पोफळी काकूंनी जळणात जाऊ दिल्या नव्हत्या. त्यांतल्या सरळ, जून खोडांच्या पट्ट्या चिरून गोठ्याच्या छपराला रिपा म्हणून लागल्या. दोन खोडे मधोमध उभी फोडून, आतला भुसा कोरून त्यांच्या पन्हळी केल्या, आणि विहिरीवरचे पाणी आता त्या पन्हळींतून राहिलेल्या पोफळींना जाते. उलट दिशेचा व्यवहारही तसाच चालतो. छपरावरून उतरलेला किडका वासा टाकून देण्याची सोय नसते. त्याचा किडका भाग तोडला की उरलेल्यावर पडवळ आणि दोडक्याचा मांडव उभा राहतो. हा मांडव दोनच पावसाळे टिकतो, पण वेलाला तेवढेही लागत नाही.

कौलांचा मामला अधिक रंगतदार आहे. आमच्याकडे पूर्वी नळ्यांचे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलांचे छप्पर होते, आजोबांच्या वेळी त्याजागी मंगलोरी कौले आली. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि पुढे कारखान्याच्या नावासोबत तो आकडाही कौलांवर उमटू लागला. परिणामी आमच्या वाडीत ज्यांच्या माळ्यावर असे एखादे कौल आहे, तो प्रत्येक जण आपले घर १८६५ सालचे असल्याचे पाहुण्यांना सांगतो. मीही काही वर्षे सांगत होतो. पुढे कळले की ते कारखान्याचे जन्मवर्ष आहे, घराचे नव्हे. पण ही गोष्ट वाडीत बोलून दाखवण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

असे एक कौल दोन-अडीच किलोंचे असते आणि चौरस मीटरभर छपराला साधारण पंधरा कौले लागतात, हा हिशेब कागदावर सोपा वाटतो. प्रत्यक्षात पाखे उतरवायला घेतले की ओटीपासून न्हाणीपर्यंत माणसांची साखळी धरावी लागते आणि संध्याकाळी कोणालाही हात खांद्याच्या वर नेता येत नाही. खाली आलेले प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे असते. खणखणीत वाजले तर घासून, शेवाळ काढून पुन्हा वर. बद्द वाजले तर त्यात केसाएवढी चीर आहे असे समजायचे. बद्द वाजणाऱ्या कौलांचा ढीग वाढू लागला की मला खर्च दिसू लागतो आणि काकूंना आळी. ती कौले अर्धी जमिनीत गाडून त्या माडांच्या आळ्यांना कड करतात, म्हणजे शिंपलेले पाणी उताराला पळत नाही. आणखी लहान तुकडे मोगऱ्याच्या कुंडीतल्या भोकावर बसतात. अगदीच भुगा झाला, तर तो विहिरीकडच्या निसरड्या वाटेवर. गेल्या वर्षी मी उत्साहाने एक चांगले, खणखणीत कौल चुकून त्या ढिगात टाकले होते. ते त्यांनी वाजवून ओळखले आणि मला काही न बोलता, फक्त माझ्यासमोर पुन्हा एकदा वाजवून, वर पाठवले.

खरा तंटा होतो तो पाण्यावरून. मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. त्याच वेळी गाळ काढून घेतात, कारण तेव्हाच खाली उतरता येते. अशा वेळी मी न्हाणीची पडकी भिंत जांभ्याच्या चिऱ्यांत बांधून तिला सिमेंटचा गिलावा करायला घेतला. जांभा मोठा समजूतदार दगड आहे. खाणीतून निघताना तो नरम असतो, पाहिजे तसा तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. सिमेंटचे तसे नाही. त्याला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी पाजावे लागते, आणि ऐन उन्हात गवंडी तिसरी वेळही सांगतो. भिंतीला पाणी की माडांना, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा मी, शहरातून आलेल्या माणसाच्या तोऱ्यात, बांधकाम अर्धवट सोडता येत नाही असे ऐकवले. काकूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर भिंतीच्या पायथ्याशी एक उथळ चर खणलेला होता आणि त्यात अळूचे कांदे व केळीचे दोन मुनवे लावलेले होते. भिंतीवरून निथळणारे पाणी चरात उतरत होते. न्हाणीच्या पाण्यावर अळू-केळ लावण्याची रीत काही आजची नाही. गिलाव्याच्या पाण्यावर लावलेली मात्र मी तरी प्रथमच पाहिली. माडांच्या बुंध्याशी त्यांनी आधीच झावळ्या आणि पाचोळा जाड पसरून ठेवला होता, त्यामुळे एक दिवसाआड शिंपले तरी आतली माती ओली राहत होती. माझा गिलावा सुकला, टिकला; तिकडे केळीने मात्र दोन पाने काढली होती आणि येणारे-जाणारे भिंतीऐवजी तीच पाहत होते.

यंदा वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावून घेतले. ते काळेकुट्ट, उग्र तेल कातडी जाळते, म्हणून हातांना फडकी गुंडाळावी लागतात, पण वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सुतारभाऊंनी किंजळीचे दोन वासे नवे घातले, आढ्यावरची टोपीसारखी कौले, म्हणजे कोने, बसवले, आणि २२ तारखेच्या दुपारी शेवटची रांग लावायची राहिली असताना आभाळ भरून आले. वळीव अर्धा तासच पडला, तरी तेवढ्यात माजघर भिजले. आम्ही अंथरुणे, तांदळाची पोती आणि उन्हात वाळत घातलेली आमसुले यांच्यामागे धावत होतो. काकू मात्र कागदाच्या पुड्यांतली दोडक्याची आणि तवशाची, म्हणजे मोठ्या काकडीची, बियाणी पदरात घेऊन देवघरात जाऊन बसल्या होत्या.

सगळी कौले लागल्यावर आम्ही निघालो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, त्यानंतर काही दिवसांनी काकूंचा फोन आला. एवढे करूनही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चुलीच्या डाव्या अंगाला, गळतेच आहे. पातेले लावले आहे, सकाळी भरले होते. मी ओशाळून सुतारभाऊंना पाठवतो म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या की घाई करू नको, वळचणीखाली मी मिरचीची रोपे लावली आहेत, तिथे पाऊस पोचत नाही, ते पातेले रोज त्यांनाच घालते.