लॅमिनेट की अस्सल लाकूड? आधी खालची जमीन तपासा

रंग आणि भाव बघून फ्लोअरिंग निवडणारे बरेच असतात. पण खालचा काँक्रीट कोरडा आणि सपाट आहे का, हे कळल्याशिवाय नमुने बघण्यात अर्थ नाही. नंतरच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

ओल तपासायला साधारण 45 सेंमी चौरस जाड प्लास्टिक काँक्रीटवर पसरा, चारही कडा टेपने बंद करा आणि 24 तास तसंच राहू द्या. उचलल्यावर आतून दव धरलेलं दिसलं किंवा काँक्रीट काळपट झालं असेल, तर त्यावर अस्सल लाकूड लावू नका. ओल थोडी असेल तर 0.2 मिमीचा पॉलिथिन कागद, जोडाला 20 सेंमी एकमेकांवर चढवून, खाली अंथरून लॅमिनेट चालतं. पाइप गळत असेल किंवा भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर आधी ते बंद करा. त्यावर कुठलाच कागद पुरा पडत नाही. प्लास्टिकवर काहीच न दिसल्यास लगेच निश्चिंत होऊ नका, कारण ही चाचणी ढोबळ आहे. लाकूड लावायचं असेल तर ओल मोजणाऱ्या मीटरने मोजूनच घ्या.

मग 2 मीटरची सरळ पट्टी जमिनीवर फिरवा. पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तो खड्डा लेव्हलिंग कंपाउंडने भरा. लॅमिनेट जमिनीला चिकटवलेलं नसतं, त्याच्या पट्ट्या कडेच्या जीभ-खाचेने (लॉकने) एकमेकींत अडकवलेल्या असतात. खाली पोकळी असली की प्रत्येक पावलागणिक लॅमिनेटची पट्टी दबते आणि काही महिन्यांत लॉकची जीभ तुटते. आधी करकर ऐकू येते, मग फट दिसते. यावर जाड फोम हा उपाय सर्रास सुचवला जातो, पण त्याने पट्टी उलट जास्तच दबते. 2 ते 3 मिमीचा घट्ट फोम पुरे.

लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा असतो. त्यावर छापील कागद आणि सर्वांत वर झिजरोधक थर. तो किती झिजरोधक आहे ते एसी या श्रेणीने कळतं: घरासाठी एसी3 पुरतं, वर्दळीच्या जागी एसी4 घ्या. ओरखड्यांना ते चांगलं तोंड देतं, पण सांध्यातून पाणी आत गेलं की कडा फुगतात आणि सुकल्यावरही खाली बसत नाहीत. घासून नवं करता येत नाही, पट्टीच बदलावी लागते. म्हणून पाच-सहा पट्ट्या जपून ठेवा, तोच रंग पुढे मिळेलच असं नाही.

अस्सल लाकडाची फळी साधारण 18 ते 20 मिमी जाड असते. फळ्या जोडणाऱ्या कडेच्या खाचेच्या वरचा भाग घासता येतो, त्यामुळे जपून वापरलं तर ते कित्येक दशकं टिकतं. मात्र लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. फळीच्या कडा वर येऊन मध्ये खळगा पडला, तर खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे असं समजा. अशा वेळी घाईने सँडिंग करणं ही सर्वांत महागडी चूक. वर आलेल्या कडा घासून सपाट केल्या, की फळी सुकल्यावर त्याच कडा खाली बसतात आणि मध्ये फुगवटा उरतो. आधी ओल कुठून येते ते थांबवा, फळी पूर्ण सुकू द्या, मगच मशीन आणा.

इंजिनिअर्ड लाकूड, म्हणजे प्लायवर अस्सल लाकडाचा थर, हा मधला मार्ग मला मनापासून पटतो. प्लायचा गाभा हवेतल्या ओलाव्याने कमी फुगतो-आकसतो. फक्त एकूण जाडी विचारू नका, वरच्या अस्सल थराची विचारा. तो 2 मिमीहून कमी असेल तर सँडिंग विसरा, 4 मिमी असेल तर एक-दोनदा जमेल.

लावताना भिंतीकडेला लॅमिनेटसाठी 8 ते 10 मिमी फट सोडा, लाकडाला थोडी जास्त. स्कर्टिंग भिंतीला ठोका, पट्टीला नाही. दाराच्या चौकटीपाशी पट्टीला आकार देत बसण्यापेक्षा चौकट खालून कापून पट्टी आत सरकवा. लॅमिनेटचे बंद खोके त्याच खोलीत 48 तास आडवे ठेवा. स्वयंपाकघराची जड कपाटं आधी बसवा आणि लॅमिनेट त्यांच्या पायापाशी थांबवा. कपाटाखाली एक टोक दाबलं गेलं, की फुगलेली पट्टी सरकायला जागा न मिळाल्याने मधोमध वर उचलते. बाथरूममध्ये दोन्ही नकोत.