दोनशे डॉलरचं पिस्तूल

हाय-पॉइंट पिस्तुलांची टिंगल कशी करायची हे आमच्या दुकानात कुणाला शिकवावं लागत नाही. काउंटरला नवा लागलेला पोरगासुद्धा आठवडाभरात दोन-तीन विनोद पाठ करतो. गोळ्या संपल्या की फेकून मारा, नाहीतर बोटीला नांगर म्हणून बांधा. कंपनी इथलीच, ओहायोतल्या मॅन्सफिल्डची, आमच्यापासून गाडीनं तासाभरावर. 1992 पासून ती स्वस्त पिस्तुलंच काढत आली आहे. तिचं सी-9 हे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल नवंकोरं दोनशे डॉलरच्या आसपास मिळतं. त्याच काचेत शेजारी ठेवलेलं ग्लॉक साडेपाचशे-सहाशेला जातं. त्यापलीकडच्या हौशी मालाच्या किमती बघायला गिऱ्हाइकं चष्मा लावतात.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत एका डायकास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात (डायमध्ये) दाबून भाग ओतण्याच्या शेडवर उमेदवारी केली, मग ओहायोतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात आलो, आणि तो बंद पडल्यावर या दुकानात. वर मासेमारीचं सामान, शिकारीचे कपडे आणि बंदुका, खाली तळघरात नेमबाजीची रेंज. पुण्याच्या मावशीला मी अजूनही ‘स्पोर्ट्सच्या दुकानात आहे’ एवढंच सांगतो. खोटं नाही ते.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार होता. ओहायोत सोमवारपासून बंदुकीनं हरणं मारायचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे त्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नारिंगी जाकिटं, काडतुसांची खोकी, परवान्यांची रांग. त्या गर्दीत एक साठीच्या बाई काउंटरला आल्या. अंगात वृद्धाश्रमातल्या सेविकेचा निळा गणवेश, रात्रपाळी करून थेट आलेल्या. जेवणाच्या पिशवीतून त्यांनी सी-9 काढलं आणि म्हणाल्या, “दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला अडकतं. घेतलं तेव्हा चांगलं चालत होतं.”

मी मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी काढली, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, रिकामं असल्याची खात्री केली. एवढ्यात शेजारी उभं असलेलं आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक हसलं. मोठ्या किमतीच्या पिस्तुलांचा शौकीन माणूस, मनानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. “मॅम, त्याची दुरुस्ती कचऱ्याच्या डब्यात होते,” तो म्हणाला.

बाई त्याच्याकडे वळल्या. “तुमचं केवढ्याला पडलं?”

“अठराशे.”

“माझं महिन्याचं घरभाडं नऊशे आहे,” असं म्हणून त्या पुन्हा माझ्याकडे बघायला लागल्या, जणू त्या माणसाशी बोलणं झालंच नव्हतं.

मी विचारलं, मॅगझिन कुठं पडलं होतं का? थोडं आठवून त्या म्हणाल्या, हो, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वरून, फरशीवर. दोष तिथंच होता. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याचे दोन ओठ असतात. काडतूस वर किती आणि कुठल्या कोनात यायचं ते हे ओठ ठरवतात. दिव्याखाली खोक्यातलं नवं मॅगझिन शेजारी धरलं तर बाईंच्या मॅगझिनचा डावा ओठ केसभर आत दबलेला दिसला. काडतुसाचं नाक खाली झुकत होतं आणि चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर आपटत होतं. पिस्तुलाचा यात काही संबंध नव्हता. तसाच दबलेला ओठ कुठल्याही महागड्या पिस्तुलाला अडवेल.

पक्कडीला कापड गुंडाळून मी तो ओठ जरा जरा उचलत आणला. मध्ये मध्ये नकली काडतुसं भरून स्लाइड ओढून बघत होतो. हे काम घाईचं नाही, आणि मागे रांग वाढत होती. शौकीन साहेब मात्र हलले नाहीत. “ते जस्ताचं आहे, माहितीय ना तुला?” त्यांनी मला विचारलं.

मला न माहीत असून कसं चालेल? शिरोलीत आम्ही त्याच जातीच्या मिश्रधातूचे कार्बोरेटर ओतायचो. जस्त, त्यात चारेक टक्के अॅल्युमिनियम. पोलादापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला, 380-390 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे डाय टिकते, भाग झटपट निघतात आणि वर यंत्रावर फारसं घासावं लागत नाही. पिस्तूल स्वस्त होतं ते इथं. सी-9 ची स्लाइड हातात घेतली की मला डायच्या जोडाची रेघ आधी दिसते, काळ्या रंगाखाली बुजवलेली. नळी मात्र पोलादाची असते, हे टिंगल करणारे सांगत नाहीत.

वजनाचंही तसंच. रिकामं सी-9 29 औंसांचं, म्हणजे 820 ग्रॅमचं. मॅगझिनमध्ये गोळ्या फक्त आठ. ग्लॉक 19 त्याहून हलकं आणि त्यात पंधरा. पण हा जडपणा गचाळपणामुळे आलेला नाही. ग्लॉकमध्ये गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात, दाब उतरला की नळी झुकून सुटते. त्यासाठी बारीक यंत्रकाम लागतं आणि यंत्रकाम म्हणजे पैसा. हाय-पॉइंटमध्ये नळी जागेवर घट्ट, स्लाइडला अडकवणारं काहीच नाही. तिला थोपवून धरायला फक्त तिचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग. म्हणून स्लाइड धोंड्यासारखी. ज्यानं हे आखलं त्यानं पैसा कुठं वाचवायचा आणि कुठं नाही हे नीट ठरवलेलं होतं. आमच्याकडे दूधवाल्याच्या बजाज एम-80 ला कॉलेजची पोरं हसायची, पण चार कॅन लादून पन्हाळ्याचा घाट चढायला तीच गाडी लागायची.

उणिवा आहेतच. स्लाइड ओढायला जड, त्यामुळे संधिवाताच्या बोटांना त्रास. साफसफाईला पूर्ण उघडायचं तर पिन ठोकून काढावी लागते. कमरेला लावून दिवसभर हिंडायला तर मी कुणाला सुचवणार नाही. पण पलंगाशेजारच्या कुलूपबंद पेटीत ठेवायचं असेल तर वजनाची अडचण कुणाला?

जस्ताच्या या पिस्तुलांची बदनामी जुनी आहे. 1980-90 च्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला रेव्हन, लॉर्सिन, ब्रायको अशा कंपन्यांनी शंभर डॉलरच्या आतली पिस्तुलं बाजारात ओतली आणि ती गुन्ह्यांत सापडत गेली. त्या साऱ्या बुडाल्या किंवा बंद पडल्या. इलिनॉयसारख्या राज्यांनी कायदाच केला की 800 अंश फॅरनहाइटच्या आत वितळणाऱ्या मिश्रधातूची पिस्तुलं दुकानांनी विकायची नाहीत. वितळण्याच्या अंशावरून माणसाची ऐपत मोजणारा कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. हाय-पॉइंट या सगळ्यातून तरली. तिची हमी पिस्तुलाच्या आयुष्यभराची आहे, कितव्याही मालकाला लागू, पावती मागत नाहीत. आणि स्वतःवर हसायची तयारी. 2019 मध्ये नव्या पिस्तुलाला नाव सुचवा म्हणून कंपनीनं लोकांना विचारलं, तर पोरांनी ‘यीट कॅनन’ म्हणजे भिरकावायची तोफ, या थट्टेच्या नावावर मतांचा पाऊस पाडला. कंपनी आधी बिचकली, मग तेच नाव घेतलं.

दुरुस्ती झाल्यावर मी बाईंना तळघरात घेऊन गेलो. सात यार्डांवर कागद लावला. त्यांनी मॅगझिन भरलं, पिस्तूल छातीजवळ धरलं, डाव्या हातानं स्लाइड पकडली आणि उजव्या हातानं सगळं पिस्तूलच पुढं ढकललं. ओढायला ताकद लागते, ढकलायला अंगाचं वजन पुरतं. हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, रोज रात्री सत्तर-ऐंशी किलोची माणसं कुशीवर वळवते, तसंच हे. आठही गोळ्या न अडकता सुटल्या आणि कागदावर तळहाताएवढ्या जागेत बसल्या. शौकीन साहेब काचेपलीकडून बघत होते. त्यांनी तोंड उघडलं नाही, त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

दुपारी तीनच्या सुमाराला त्याच काचेपाशी एक मुलगी आली. बावीस-तेवीसची असेल. सी-9 कडे बोट दाखवून म्हणाली, “तीन द्या.” रोख पैसे. एकही हातात घेऊन बघितलं नाही, गोळ्यांचं विचारलं नाही. कधी चालवलंय का विचारलं तर तिनं गळांच्या रॅककडे पाहिलं. तिथं एक पोरगा फोन कानाला लावून उभा होता. फोनवर बोलत मात्र नव्हता.

दुकानातून बंदूक घ्यायची तर केंद्र सरकारचा अर्ज भरावा लागतो, मग आम्ही एफबीआयकडे पडताळणी करतो. त्या अर्जात सरळ विचारलेलं असतं, ही बंदूक खरोखर तुम्ही स्वतःसाठी घेताय का? दुसऱ्यासाठी सही करून बंदूक घेणं हा गुन्हा, आणि 2022 च्या कायद्यानंतर त्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीन पिस्तुलं एका वेळी दिली असती तर एटीएफला, म्हणजे बंदुकांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याला, वेगळा अहवालही गेला असता. पण तो विकल्यानंतर.

हा धोका आमच्या राज्यात कागदावरचा नाही. 2000 साली इथल्याच एका विक्रेत्याकडून एका टोळीनं हाय-पॉइंटची 87 पिस्तुलं एका सौद्यात उचलली होती. त्यातल्या एका पिस्तुलाची गोळी 2003 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत एका शाळकरी मुलाला लागली. तो वाचला, खटला मात्र 2019 पर्यंत कोर्टात चालत राहिला. त्या टोळीला पिस्तुलाच्या टिकाऊपणाशी घेणंदेणं नव्हतं. दर नग किती, एवढाच हिशेब. सकाळच्या बाईंना परवडलं ते ज्या किमतीमुळे, त्याच किमतीमुळे टोळीनंही ते उचललं.

मी अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि तो प्रश्न बोटानं दाखवला. “हे आधी वाच. मग लिहायचं की नाही ते ठरव.” ती वाचत गेली, ओठ हलत होते. पेन कागदाला टेकलेलं, शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मी पंधरा वर्षांचं सांगितलं, हळूच, त्या पोराला ऐकू जाणार नाही असं. तिनं पेन खाली ठेवलं.

“पैसे आहेत माझ्याकडे,” ती म्हणाली.

“पैशांचा प्रश्नच नाही. मी तुला विकणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही.” विक्रेत्याला नकार द्यायचा अधिकार आहे, आणि कारण द्यायची सक्ती नाही.

ती गेली. पोरगा तिच्या आधीच दाराबाहेर पडला होता. मी मालकांना सांगितलं, त्यांनी एटीएफच्या स्थानिक कचेरीला आणि आसपासच्या दोन दुकानांना फोन लावले. गाडीचा नंबर कॅमेऱ्यात आला होता.

शौकीन साहेब अजून दुकानातच. “बघ,” ते म्हणाले, “म्हणूनच मी म्हणतो हा कचरा विकू नका.” मी म्हटलं, एटीएफच्या तपासात ग्लॉकही भरपूर सापडतात, तीही काढून टाकू का? त्यावर ते कुरकुरले, आणि हंगामासाठी घेतलेली काडतुसं उचलून गेले.

संध्याकाळी शटर ओढताना मालक म्हणाले, हाय-पॉइंट बंदच करून टाकू. सुटतं काय त्यात? वीस डॉलर, आणि वर हा ताप. माझं म्हणणं, मग सकाळच्या बाईंनी जायचं कुठं, रस्त्यावरच्या कुणाकडून घ्यायचं का? बराच वेळ वाजलं आमचं. शेवटी ठरलं ते असं: काचेत एकच सी-9 राहील, बाकीची आतल्या तिजोरीत, आणि कुणी दुसरं मागितलं तर मालकांना बोलावल्याशिवाय अर्जाला हात लावायचा नाही. काउंटरच्या नव्या पोराला मी ते दोनदा सांगितलं. बाईंकडून दुरुस्तीचे पैसे घेतले नव्हते. रेंजचे मात्र बारा डॉलर लावले, कारण मालक गल्ला मोजत होते.