चौदापुढची मोकळी जागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहतो. आमच्याकडे मजुरी डझनावर असते आणि दर शनिवारी दुपारी वाटली जाते. सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेआधीच्या शनिवारी, म्हणजे घरोघरी खर्चाची निकड असताना, वाटपाला दोन तास उरले आणि एक्सेलच्या पत्रकात चाळीसही विणकरांच्या नावांपुढे '#व्हॅल्यू!' ही त्रुटी उमटली.

सूत्र सम-प्रॉडक्टचे होते: आठवड्याच्या 240 नोंदींतून त्या विणकराच्या ओळी घ्यायच्या, डझनांना दराने फुलीने (*) गुणायचे आणि बेरीज करायची. रेंज, म्हणजे सूत्रात घेतलेले कप्प्यांचे पट्टे, कमी-जास्त ओळींच्या असत्या तर या मांडणीत '#एन/ए' आले असते, तरीही त्या तपासल्या, बरोबर होत्या. मग घाईत मी गुणाकाराच्या फुल्या काढून स्वल्पविराम घातले आणि नावाच्या अटीचे उत्तर 1 किंवा 0 व्हावे म्हणून तिच्याआधी दोन उणे चिन्हे लावली. त्रुटी क्षणात गेली, सगळ्यांच्या रकमा आल्या. छपाईला देणार तोच यादीवर नजर टाकत मुकादम म्हणाले, "साहेब, अण्णांचा या आठवड्यात एकही खाडा नाही. मग मजुरी कमी कशी?"

त्या प्रश्नाने मी हादरलो. स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या रेंजमध्ये मजकूर आला, तर सम-प्रॉडक्ट तो शून्य धरते. फुलीने गुणले तर संख्येत न बदलता येणारा मजकूर त्रुटी देतो, आणि प्रत्येक सूत्र सगळ्या 240 ओळी गुणत असल्याने एका कप्प्यातला दोष चाळीस जणांच्या बेरजेत उतरतो. म्हणजे त्रुटी गेली होती ती अण्णांच्या एका दिवसाच्या मजुरीसकट.

फुल्या परत घातल्या. सूत्रातली डझनांची रेंज निवडून एफ9 दाबले, तशी सगळी यादी डोळ्यांपुढे उलगडली: 12;13;12;11; आणि पुढे एकच आकडा अवतरणचिन्हांत, "14 ". सूत्र बिघडू नये म्हणून एस्केप दाबून बाहेर आलो. लेन फंक्शन त्या कप्प्याची लांबी 3 सांगत होते, पण ट्रिम लावूनही ती मोकळी जागा हलेना. आकडा मोबाइलवरच्या संदेशातून चिकटवलेला होता आणि त्यासोबत 160 क्रमांकाचे, ओळ न तोडणारे मोकळे अक्षर आले होते. ट्रिम फक्त साधी मोकळी जागा काढते. सब्स्टिट्यूटने ते अक्षर काढले, व्हॅल्यूने संख्या करून घेतली आणि चाळीसही रकमा एकदम उभ्या राहिल्या.

डझनांच्या स्तंभाशेजारी मी त्याच दिवशी, कप्प्यात संख्याच आहे का हे सांगणाऱ्या इज-नंबरचा तपासणी स्तंभ जोडला. अण्णांच्या पाकिटात 14 डझनांची मजुरी धरून पूर्ण रक्कम घातली आणि वाटप ठरल्या वेळी सुरू झाले.